पंधरा लाखांच्या आधी, पंधरा लाखांच्या नंतर

म्हैसूर शहरातून कृष्णराजसागराकडे निघालं की वाटेत मेटगळ्ळी लागतं. एके काळचं हे गाव आता शहराच्या पोटात गेलं आहे. टायरचा कारखाना, यंत्रांचे कारखाने, कामगारांच्या वसाहती आणि रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा नोटांचा छापखाना, अशी आज त्याची ओळख. तुमच्याआमच्या पाकिटातली एखादी नोट १९९६ नंतर कधीतरी या मेटगळ्ळीतूनच निघालेली असणार. पैसा जिथे अक्षरशः जन्माला येतो अशी देशात मोजकीच ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक.

पण मला मेटगळ्ळीबद्दल लिहावंसं वाटतं ते या रस्त्यामुळे. रस्त्याच्या टोकाला कावेरीवरचं धरण आहे. त्या धरणामागे जो माणूस होता त्याचं नाव म्हैसूरच्या दर चौथ्या पाटीवर दिसतं : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपल्याकडे त्यांची ओळख इंजिनिअर म्हणून आहे, आणि त्या ओळखीत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, नाशिक-धुळ्याकडे फिरले, आणि खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली. बायकांच्या शिक्षणाच्या इतिहासात मात्र त्यांचं नाव कुणी शोधत नाही. मराठी बायकांच्या एका मोठ्या विद्यापीठाला जेव्हा आधार मिळाला, तेव्हा हे म्हैसूरचे माजी दिवाण त्या गोष्टीच्या अगदी जवळ उभे होते. ती गोष्ट सांगायची तर आधी दोन विद्यापीठांकडे बघायला हवं. दोन्ही १९१६ च्या एकाच पावसाळ्यातली.

पहिलं म्हैसूरचं. २७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठ सुरू झालं. विश्वेश्वरय्या तेव्हा दिवाण होते, गादीवर नाल्वडी कृष्णराज वडेयर होते. म्हैसूरचं महाराजा कॉलेज आणि बंगळूरचं सेंट्रल कॉलेज, अशी दोन नांदती कॉलेजं विद्यापीठाच्या हाताशी आयती होती. खजिना होता, इमारती होत्या, कायदा होता. मुलींच्या शिक्षणालाही तिथे राजघराण्याचा जुना आश्रय होता. १८८१ मध्ये सुरू झालेली मुलींची शाळा पुढे महाराणी कॉलेज झाली. मुलगा लहान असताना १८९५ ते १९०२ राज्यकारभार पाहणाऱ्या महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्या काळात या कामाला बळ मिळालं. राज्यकर्त्यांच्या मनात आलं तर काय होऊ शकतं, ते म्हैसूरने दाखवलं.

दुसरं विद्यापीठ हिंगण्याचं. त्याच जुलैत, पुण्याबाहेरच्या माळावर, पाच विद्यार्थिनी घेऊन ते सुरू झालं. मागे खजिना नाही, सरकारी कायदा नाही, सरकारची मान्यता नाही. मागे होते धोंडो केशव कर्वे, वय वर्षं अठ्ठावन्न, आणि त्यांची वर्गणीची वही.

कर्व्यांची, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांची, गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते, पण ती सहसा गौरवग्रंथाच्या भाषेत ठाऊक असते. त्यात पैशाची बाजू मागे पडते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. त्यांच्या गावाने, मुरूडने, अण्णांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू झाला. १९०० मध्ये तो हिंगण्याला हलला, कारण गावात त्याला कुणी जागा द्यायला तयार नव्हतं आणि प्लेगने पुणं हैराण झालं होतं. रावबहादूर गोविंद गणेश गोखल्यांनी तिथली सहा एकर जमीन दिली. तिथे पाचशे रुपयांत एक झोपडी उभी राहिली. अण्णा दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि कॉलेज सुटलं की चिखल तुडवत हिंगण्याला यायचे. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव. हे एकदोन वर्षं चाललेलं नाही, आयुष्यभर चाललेलं आहे.

अण्णांकडे दानशूर फार आले नाहीत. आले ते रुपया-दोन रुपये देणारे कारकून, शिक्षक, वकील, आणि स्वतःचं नाव छापू नका म्हणणाऱ्या बायका. शिवाय एक देणगी अशी होती की ती कुठल्याच वहीत मांडता येत नाही. गोदूबाईंची, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंची, धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विधवा, एका मुलाची आई, अक्षरओळखही उशिरा झालेली. त्यांनी आश्रमासाठी सारा देश पालथा घातला. १९१८ मध्ये, पन्नाशी जवळ आलेली असताना, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे लोकांच्या घरची कामं करून पोट भरलं, इंग्रजी शिकल्या आणि हिंगण्यासाठी पैसे गोळा केले. त्यांचं ‘माझी कहाणी’ हे आत्मकथन आजच्या मुलींच्या हातात पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोकणातून आलेली एक बाई महायुद्धाच्या धामधुमीत समुद्र ओलांडते, परक्याच्या घरी भांडी घासते आणि ते पैसे दुसऱ्या विधवांच्या शाळेसाठी मागते. दातृत्वाचा इतिहास लिहायचा तर पहिलं पान तिचं असायला हवं.

आता जपानच्या एका पुस्तिकेची गोष्ट.

१९१५ मध्ये अण्णांच्या टपालात एक छापील पुस्तिका आली. टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती होती. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. ते बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त होते, हे पुढे कळलं. गुप्त जपानला जाऊन आले होते आणि हिंगण्यात असं काही चाललंय हे त्यांना माहीत होतं. अण्णांनी पुस्तिका चाळली आणि बाजूला ठेवली. विधवांची सोय लावता लावता पुरेवाट होत असताना विद्यापीठ कसलं? पण त्या वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली आणि या वेळी तिने त्यांना सोडलं नाही. नारुसे जिंझो नावाच्या एका शिक्षकाने १९०१ मध्ये ते विद्यापीठ काढलं होतं. मुलींना चांगली माणसं, चांगल्या बायका आणि चांगल्या नागरिक म्हणून घडवायचं, आणि तेही जपानीतून शिकवून. अण्णांनी परिषदेत तीच कल्पना मांडली : हिंदी स्त्रियांचं विद्यापीठ, मातृभाषेतून शिक्षण, इंग्रजी एक विषय म्हणून सक्तीची.

टीका झाली, आणि ती क्षुल्लक नव्हती. मुंबई विद्यापीठाची दारं बायकांना उघडी होती. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून शिकून जवळजवळ तीस वर्षांपूर्वीच पदवीधर झाल्या होत्या. मग मुलींसाठी वेगळा, घरकाम-आरोग्य-बालसंगोपन घातलेला अभ्यासक्रम कशाला? हा कमी दर्जाचा शिक्का त्यांच्या माथी का मारायचा? मला ही टीका आजही पुष्कळ खरी वाटते. मुलींना वेगळं शिकवायचं म्हटलं की त्यांना कमी शिकवण्याचा मोह समाजाला होतोच. पण अण्णांपुढे ज्या मुली होत्या त्यांना मुंबई विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचूच दिलं जात नव्हतं. त्यांच्या घरात इंग्रजी नव्हतं, वय वाढलेलं होतं, कपाळ पांढरं होतं. त्या मुलींना कॉलेजात आणणारा रस्ता अण्णांनी बांधला आणि तो मातृभाषेतून गेला. गांधीजींनाही मातृभाषेचा आग्रह पटला, इंग्रजीची सक्ती मात्र पटली नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले, रँग्लर परांजपे कुलगुरू. पदव्यांना नावंही इथलीच दिली : बी.ए.च्या बरोबरीची ‘गृहीतागमा’ आणि एम.ए.च्या बरोबरीची ‘प्रदेयागमा’. मान्यता नसलेल्या विद्यापीठाची पदवी घेऊन नोकरी मिळायची नाही, हे माहीत असूनही मुली आल्या.

चार वर्षं अशी गेली. आणि मग १९२० मध्ये पंधरा लाख आले.

सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे मुंबईच्या भाटिया घराण्यातले गिरणीमालक. जन्म १८७३ चा. गिरण्या होत्या, मध्यवर्ती कायदेमंडळात जागा होती, लल्लूभाई सामळदासांबरोबर त्यांनी १९११ मध्ये सहकारी बँकेचा पाया घातला होता. म्हणजे शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायचं तर पत उभी करावी लागते, हे समजणारा गिरणीवाला. १९१९-२० मध्ये ते पत्नी प्रेमलीलाबाईंना घेऊन जगप्रवासाला निघाले. बरोबर विश्वेश्वरय्या होते. दिवाणगिरी सोडून त्यांना फार दिवस झाले नव्हते. जपान त्यांनी आधीही पाहिलं होतं आणि म्हैसूरचे उद्योग व शिक्षण उभारताना जपान त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. टोकियोत ही मंडळी महिला विद्यापीठात गेली.

बनारसहून आलेल्या छापील पानांवर अण्णांनी जे वाचलं होतं, ते ठाकरसी पती-पत्नींनी प्रत्यक्ष पाहिलं. सोबत विद्यापीठ कसं काढतात ते तीन-चार वर्षांपूर्वीच करून दाखवलेला माणूस होता. परत आल्यावर ठाकरसींनी अण्णांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये द्यायचं जाहीर केलं.

१९२० चे पंधरा लाख. त्या रकमेचं वजन आकड्यातून नीट कळत नाही. म्हणून दुसरा हिशेब पाहू. रक्कम साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांच्या हिशेबाने धरली होती, म्हणजे व्याज वर्षाला साडेबावन्न हजार. हिंगण्याची पहिली झोपडी पाचशे रुपयांची होती. तशा एकशे पाच झोपड्या दर वर्षी बांधाव्यात एवढं केवळ व्याज. पण झोपड्या बांधायच्या नव्हत्या, शिक्षकांचे पगार द्यायचे होते. आणि पगार देण्यासाठी व्याजासारखा पैसा नाही. इमारत एकदा बांधली की देणगीदाराचं नाव कोरून होतं. वर्षामागून वर्ष, पहिल्या तारखेला, बाईंच्या हातात पगार पडतो तेव्हा शाळा चालते. ठाकरसींच्या देणगीचं मोठेपण मला रकमेइतकंच या रचनेत दिसतं.

अटी होत्या. विद्यापीठाला आईचं नाव द्यायचं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. पुढेमागे मुख्य ठाणं मुंबईला न्यायचं. ते १९३६ मध्ये गेलं. पुणं सोडून मुंबईला जायचं हे हिंगण्याच्या माळावर वाढलेल्या संस्थेला सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. पण अण्णांनी देणगीदाराशी झगडा मांडला नाही. संस्था माझी आहे असं ज्याला कधीच वाटलं नाही, त्यालाच ते जमतं.

नावाबद्दल मात्र मला ठामपणे म्हणायचं आहे. त्या काळात श्रीमंत माणसं स्वतःचं नाव देत, बापाचं देत, फार तर लाटसाहेबाचं देत. ठाकरसींनी आईचं दिलं. नाथीबाई कुठल्या सभेत बोलल्या नव्हत्या, त्यांनी काही लिहिलं नव्हतं. गिरणीमालकाच्या घरातली एक बाई. आज शंभरहून अधिक वर्षं हजारो मुलींच्या पदवीपत्रावर ते नाव छापलं जातं. चर्चगेटला लोकलमधून उतरलेली मुलगी ‘एसएनडीटी’ म्हणते तेव्हा तिला त्यातला एन नाथीबाईंचा आहे हे कदाचित माहीतही नसेल. सांगायला हवं. गुजराती आईचं नाव, मराठी मास्तरांचं विद्यापीठ, कन्नड इंजिनिअर साक्षीला, आणि नमुना जपानचा. भाषेवरून भांडणाऱ्या आपल्या दिवसांत ही गोष्ट पोरींना मुद्दाम सांगितली पाहिजे.

इथवर सगळे सांगतात. मला खरा जीव वाटतो तो यापुढच्या गोष्टीत.

१९२५ मध्ये सर विठ्ठलदास वारले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. प्रेमलीलाबाई तेव्हा एकतीस वर्षांच्या. तरुण, श्रीमंत, विधवा. ज्या विद्यापीठाचा जन्म विधवांच्या आश्रमातून झाला, त्याच्या देणगीदाराची पत्नी स्वतःच विधवा झाली. सोन्याच्या पिंजऱ्यात बसून राहणं त्यांना सहज शक्य होतं. त्या बसल्या नाहीत. नवऱ्याने पैसा दिला, यांनी पुढची पन्नास वर्षं दिली. विद्यापीठाच्या समित्यांवर, हिशेबाच्या बैठकांना, इमारतींच्या कामावर त्या हजर राहिल्या. स्वतंत्र भारतात कायदा होऊन १९५१ मध्ये विद्यापीठाला रीतसर मान्यता मिळाली, तेव्हा पहिल्या कुलगुरू त्याच झाल्या. पैसे देणाऱ्याच्या घरातलं माणूस देणगीनंतर संस्थेत राबतं, हे आपल्याकडे दुर्मीळ आहे. फीत कापायला येणारे पुष्कळ, ताळेबंद तपासायला बसणारे थोडे.

पुण्यात येरवड्याजवळच्या टेकडीवर त्यांचा बंगला होता, ‘पर्णकुटी’. १९३३ च्या मे महिन्यात गांधीजींनी हरिजनकार्यासाठी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं, सरकारने त्यांना येरवडा तुरुंगातून सोडलं आणि ते उपोषण पर्णकुटीत पार पडलं. पुढच्याच महिन्यात तिथेच गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न झालं. वैश्य मुलगा, ब्राह्मण मुलगी. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर, कस्तुरबांचा वियोग ताजा असताना, गांधीजी पुन्हा पर्णकुटीतच आले. सरकारदरबारी वजन असलेल्या घरातल्या बाईने सरकारच्या बंद्याला घर उघडं करणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत सगळ्यांना कळत होतं. पुढे कस्तुरबा स्मारक निधीचं काम आलं, आणि तेही खेड्यातल्या बायकामुलांसाठीच. १९७५ मध्ये प्रेमलीलाबाईंना पद्मविभूषण मिळालं. त्याच यादीत दुर्गाबाई देशमुख होत्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. एकीने स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, दुसरीने गाण्यासाठी. त्यांच्या पंक्तीत प्रेमलीलाबाई बसल्या हे योग्यच झालं.

गाण्याचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. या विद्यापीठात संगीत आणि चित्रकला हे छंद म्हणून नव्हे, शिकण्याचे विषय म्हणून आले. घरंदाज मुलीने गाणं ही लाजिरवाणी गोष्ट मानली जाण्याचा तो काळ. त्या काळात परीक्षेच्या विषयांत गाणं आलं की घरच्यांना ‘कॉलेजचा अभ्यास’ म्हणून ते सोसवायचं. मातृभाषा, कला आणि शिक्षण ही तिन्ही त्या संस्थेत एका छपराखाली आली. संस्कृतीला मदत म्हणजे केवळ महोत्सवाला जाहिरात, ही समजूत आपण आता करून घेतली आहे. मुलीच्या वेळापत्रकात गाण्याला एक तास मिळवून देणं ही त्याहून खोल मदत होती.

आता पुन्हा आजच्या मेटगळ्ळीकडे, आणि त्याच्यासारख्या आपल्या भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या वस्त्यांकडे. २०१४ पासून कायद्याने ठराविक आकारापलीकडच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पैसा आहे. त्यातला बराच शाळांकडेही जातो. पण तो वर्षाच्या हिशेबाने जातो : यंदा संगणक, पुढल्या वर्षी स्वच्छतागृह, त्याच्या पुढल्या वर्षी दुसरंच गाव. प्रत्येक गोष्ट गरजेची आहे. तरी वसतिगृहातल्या रेक्टरबाईचा पगार, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचा पगार, कुणाची तरी तिसऱ्या वर्षाची फी, हे या हिशेबात बसत नाही. वेगळी उदाहरणंही आहेत. हिंगण्यातच, आता कर्वेनगर म्हणतात तिथे, १९९१ मध्ये कमिन्स कंपनीच्या साहाय्याने मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. विधवांच्या झोपडीच्या शेजारी मुली इंजिनं आणि संगणक शिकू लागल्या. घरकामाचा अभ्यासक्रम दिला म्हणून ज्यांनी अण्णांवर टीका केली, त्यांना हे उत्तर अण्णांच्याच संस्थेने दिलं. एका कंपनीने एका संस्थेशी दीर्घकाळ नातं ठेवलं की काय होतं, याचा हा पुरावा.

अण्णा १९२९ मध्ये सत्तरी उलटल्यावर जगप्रवासाला निघाले. बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले, अमेरिकेत व्याख्यानं दिली, आणि परत येताना टोकियोला ते महिला विद्यापीठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ज्या पुस्तिकेवरून सगळं सुरू झालं ती वाचल्याला तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती. विश्वेश्वरय्यांना १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं, अण्णांना १९५८ मध्ये. दोघांची चित्रं त्यांच्या हयातीतच टपाल तिकिटावर आली. दोघेही शंभरी ओलांडून १९६२ मध्ये गेले, विश्वेश्वरय्या एप्रिलमध्ये, अण्णा नोव्हेंबरमध्ये.

ठाकरसींचे पंधरा लाख फळले, कारण त्याआधी वीस वर्षं कुणीतरी चिखल तुडवला होता आणि त्यानंतर पन्नास वर्षं कुणीतरी हिशेब सांभाळला. मधली देणगी तेवढी आपल्या लक्षात राहते. पण आपल्यापैकी पंधरा लाख देणारे कितीसे? पार्वतीबाई होणं अवघड आहे, प्रेमलीलाबाई होणंही. वर्गणीच्या वहीतला दोन रुपयांचा माणूस होणं मात्र कुणालाही जमेल. या दिवाळीत बोनस हाती आला असेल तर जवळच्या एखाद्या मुलींच्या वसतिगृहात जा. तिथल्या बाईंना विचारा की यंदा कुणाची फी अडली आहे. ती भरा, आणि पुढची तीन वर्षं त्याच तारखेला भरत राहा. पावतीवर स्वतःचं नाव घालायचं नसेल तर आईचं घाला.